घरची गाडी : छताची खडखड

बाजार, दवाखाना, लग्नकार्य या सगळ्याला धावणारी जुनी जीप किंवा व्हॅन आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारात असते. खडीच्या रस्त्यावर काही वर्षे धावली की तिच्या छतातून खडखड सुरू होते. काहीजण टेपचा आवाज वाढवून ती झाकतात, काहीजण गॅरेजात सगळे छत उतरवायला लावतात. दोन्ही नको. आधी जागा शोधा, मग हात घाला.

छताचा पत्रा पातळ असतो. त्याला आतून आडव्या पट्ट्यांचा आधार असतो व पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये डिंकासारखा मसाला असतो. त्याखाली दिव्याच्या वायरी आणि सर्वांत खाली कापड चिकटवलेला पुठ्ठ्यासारखा तक्ता. हा तक्ता क्लिपा, हँडल, सनव्हायझर, दिवा आणि दाराचे रबर यांच्या जोरावर टिकतो. यांतले काहीही सैल झाले की खडखड आलीच.

शोधायचे असे. आधी गाडी रिकामी करा. छतावर कॅरिअर असेल तर त्याचे नटबोल्ट आवळा. सीटबेल्टचे बक्कल खांबावर आपटते का तेही पाहा. पुष्कळदा चोर तोच असतो. मग एकाने खराब रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी आणि शेजारच्याने तळहाताने छत जागोजाग दाबावे. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे खडूची खूण करा. चालवणाऱ्याने मात्र वर पाहू नये. घरी आल्यावर, मडके वाजवून पाहतो तसे बोटाच्या पेराने बाहेरून पत्रा वाजवा. एखाद्या जागी फडफड ऐकू आली तर तिथला मसाला उन्हाने वाळून पट्टी सुटली आहे असे समजा. ते काम पत्र्याच्या कारागिराचे.

क्लिप किंवा वायर असेल तर घरी जमते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. त्या बाजूचे हँडल, सनव्हायझर सोडवा, रबर ओढून घ्या आणि तक्त्याची कड वीतभरच खाली करा. जास्त वाकवलात तर पडलेली घडी जात नाही. लोंबणारी वायर कापडी चिकटपट्टीने बांधा, तुटकी क्लिप बदला, आणि जिथे घासते तिथे नमद्याची पातळ पट्टी लावा. गादीचा स्पंज किंवा वर्तमानपत्र कोंबू नका. ते ओल धरतात आणि पत्रा आतून गंजतो. तक्त्याला स्क्रू तर कधीच मारू नका. तो वायरीत घुसतो, नाहीतर पत्र्याला भोक पाडतो.

दोन गोष्टींत मात्र जपा. नव्या गाड्यांपैकी अनेकींत दारांच्या वर, छताच्या कडेला एअरबॅग गुंडाळून बसवलेली असते. खांबावर 'एअरबॅग' अशी अक्षरे असली किंवा आत पिवळ्या वेष्टनाची वायर दिसली, तर हात आखडता घ्या आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्या. ती बॅग चुकून उघडली तर माणूस जखमी होतो, आणि कोंबलेल्या पट्टीने अडली तर अपघातात उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट उंदरांची. गाडी कडब्याजवळ उभी राहत असेल तर उंदीर छतात घर करतात. लेंड्या दिसल्या, कुबट वास आला, तर आवाज सोडा, आधी वायरी तपासून घ्या. कुरतडलेली वायर पत्र्याला लागली तर ठिणगी पडून गाडी पेटू शकते.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी मारा. वरची खडखड थांबली की खालचा आवाज ऐकू येऊ लागतो. एखादा बुश झिजला असेल, स्टिअरिंगचा सांधा सैल असेल. छताच्या आवाजाने जीव जात नाही, पण त्याखाली दडलेल्या आवाजाने जाऊ शकतो. म्हणून ही खडखड घालवायची.