गोळी गुडघ्यासाठी, धाप छातीत

हळदीचा हंगाम आला, पॉलिशचे ढोल फिरू लागले, की वसमत परिसरात पिवळी धूळ उडते आणि वृद्धांचा खोकला बळावतो. या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी छातीत कफ होतो का? होत नाही. दमेकऱ्याला भीती बाळगायची असेल, तर ती दुसऱ्याच एका गोळीची.

श्वासनलिकेच्या अस्तरावर पाण्याचा थर असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. त्यावर बेडका तरंगतो आणि अस्तराचे केसांसारखे सूक्ष्म तंतू धुळीसकट तो घशाकडे लोटतात. थर आटला की बेडका चिकटून बसतो. हे पाणी पेशी थेट ओतत नाहीत. त्या मिठाचे घटक हलवितात. क्लोराइड बाहेर सोडले की पाणी त्यामागोमाग येते, सोडियम आत ओढले की परत जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, तोच न्याय.

क्लोराइडची दारे उघडण्याची आज्ञा प्रामुख्याने दोन वाटांनी येते. एक, पेशीच्या आतील कॅल्शियम क्षणभर वाढल्याने. दुसरी, प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांकडून, जी पेशी जागच्या जागी तयार करतात. आता, पेशीतील ही वाढ बव्हंशी तिच्या स्वतःच्या कोठारातून होते आणि रक्तातील कॅल्शियम शरीर काटेकोरपणे सांभाळते. नेमून दिलेल्या गोळीने बेडका घट्ट होत नाही. कफाच्या धास्तीने ती बंद करू नये.

प्रोस्टाग्लँडिनची गोष्ट निराळी. गुडघ्याची वेदना आणि सूज वाढविण्यातही त्यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक हेच करतात. बहुतेकांच्या श्वासनलिकेला त्याचे काही वाटत नाही. परंतु प्रौढ दमेकऱ्यांपैकी शंभरांत सुमारे सात जणांत प्रोस्टाग्लँडिनचे संरक्षण हटते, श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्रीन नावाची द्रव्ये उसळतात, आणि गोळी घेतल्यापासून अर्ध्या ते तीन तासांत नाक वाहू लागते, छातीत घरघर सुरू होते. नाकात मांस वाढलेल्यांना हा धोका अधिक.

मेडिकलवरून अंगदुखीची म्हणून आणलेल्या सुट्या गोळ्यांत काय असते, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. मला या सुट्या गोळ्यांचा खरोखर धाक वाटतो. घरात कोणाला दमा असेल, तर तसे दुकानदाराला आणि प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. पाकिटावरील औषधाचे नाव वाचा. नेमक्या मात्रेतील पॅरासिटामॉल अशा रुग्णांना बहुधा सोसते. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल आणि त्रास नसेल, तर ती आपल्या मनाने थांबवू नका. गोळीनंतर धाप लागून वाक्य पुरे बोलता येईनासे झाले, तर नेहमीचा पंप द्या, रुग्णाला बसते ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती गोळी, पाकिटासह, सोबत न्या.