हयगय: कायद्याची आणि विवेकाची

अजिंठ्याला निघालेला प्रवासी ज्या महामार्गाने फर्दापूरला पोहोचतो, त्या संभाजीनगर–जळगाव रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. खड्ड्यांची सवयच सर्वांना जडली. हयगयीत बहुधा कोणाचा दुष्ट हेतू नसतो. म्हणूनच ती कोणाला अपराध वाटत नाही.

कायदा हेतू नव्हे, घ्यावयाची काळजी पाहतो. हयगयीने मृत्यूस कारण होणाऱ्यास पूर्वी कमाल 2 वर्षे कारावास होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार तो सर्वसाधारणतः 5 वर्षे झाला. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला.

ब्रिटिश न्यायमूर्ती लॉर्ड ॲटकिन यांनी 1932 साली या कर्तव्याची मर्यादा ठरविताना शुभवर्तमानातील प्रश्नच पुढे घेतला: माझा शेजारी कोण? मात्र त्या दाखल्यातील याजक व लेवी यांनी जखमी माणसाला इजा केली नव्हती. ते केवळ बाजूने निघून गेले. अशा वाटसरूला कायदा सहसा हात लावत नाही. मिस्साच्या आरंभी आपण मात्र टाळलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. शिवाय अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या ससेमिऱ्याची सबब आता उरलेली नाही.