गरोदरपणाआधीची उपासमार

महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन यांस,


आदिवासी भागात 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने गरोदर बाईला एक वेळचे चौरस जेवण दिले, हे मोलाचे काम आहे. पण तिचे ताट आखले गेले शेवटच्या तिमाहीसाठी आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या साधारण दर पाच बायकांपैकी एकीचा बॉडी मास इंडेक्स 18.5 च्या खाली होता. हा आकडा काढताना गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका वगळतात. म्हणजे तो बहुतांशी आपल्या ताटाबाहेरच्या बायकांचा आहे.

अन्न कमी पडले की कुठला खर्च कापायचा हे शरीर संप्रेरकांकरवी ठरवते. लेप्टिन आणि इन्सुलिन उतरतात, थायरॉइडचे टी-3 कमी होते, कॉर्टिसॉल चढते. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे एलएच या संप्रेरकाचे इशारे विरळ होतात, इस्ट्रोजेन घटते, पाळी लांबते किंवा थांबते, हाडे झिजू लागतात. अमेरिकेतल्या ॲन लाउक्स यांनी 2003 मध्ये निरोगी तरुणींचे खाणे आणि व्यायाम मोजूनमापून दाखवले, की व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे रोज 30 किलोकॅलरींहून कमी उरले, तर अवघ्या पाच दिवसांत एलएचची लय बिघडते. पाच दिवसांत कुणी हडकत नाही! शरीर हिशेब धरते तो खाण्यातून कष्ट वजा करून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1990 च्या दशकात जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बायकांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन जेमतेम 42 किलो होते. तिथेही गरोदरपणी जास्त कष्ट उपसणाऱ्यांची बाळे लहान भरली, आणि पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या खाण्यात होते त्यांची बाळे मोठी.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कुपोषित बायकांनाही मुले होतातच, मग संप्रेरकांची चिंता कशाला? लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांनी 1980 मध्ये सांगितले होते, की दीर्घकाळच्या मध्यम कुपोषणाने जननक्षमता फारशी घटत नाही. ते मला मान्य आहे. पण मूल होणे हीच बाईच्या प्रकृतीची कसोटी का मानावी? गर्भ राहतो तेव्हा त्याची किंमत तिच्या आधीच रित्या झालेल्या साठ्यातून वसूल होते, आणि गर्भ कधीच न राहिलेल्या बाईची हाडेही तिचीच असतात. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या हव्यातच. पण गोळीत कॅलरी नसतात. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून गावोगाव संप्रेरकांच्या तपासण्या करा असे मी म्हणत नाही. आशाताईने वर्षातून दोनदा प्रत्येक तरुण बाईचे वजन आणि दंडघेर नोंदवावा, पाळी नियमित आहे का, कामाचे तास किती, हे विचारावे. वजन कमी आणि पाळी बिघडलेली असेल, तर डॉक्टरांनी इतर कारणे तपासावीत, आणि गरोदर असो वा नसो, तिला अंगणवाडीत जेवण मिळावे. सुरुवात अमृत आहार जिथे शिजतोच आहे तिथून करा. चूल, भांडी आणि स्वयंपाकाची व्यवस्था तिथे आधीच आहे.

कळावे,
एक नागरिक