स्थिर आवृत्तीचे पहारेकरी

सर्व्हरवर स्थिर आवृत्तीच चालवावी, प्रायोगिक आवृत्ती हौशी मंडळींसाठी सोडावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. पगारपत्रके वा परीक्षांचे निकाल ज्या यंत्रावर आहेत, तेथे तो रास्तच आहे. परंतु मार्च २०२४ मध्ये काय घडले ते पाहावे. फायलींचा आकार कमी करणाऱ्या 'एक्सझेड' या मुक्तस्रोत साधनाची देखभाल वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक करीत होता. त्याचा विश्वास संपादन करून कोणीतरी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. अस्थिर शाखेत मात्र शिरला होता. तेथेच काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळले. एवढ्याशा विलंबाचा त्यांनी चिकाटीने माग काढला, म्हणून कारस्थान उघडकीस आले. ती शाखा कोणी वापरलीच नसती तर? यथाकाल तेच साधन 'स्थिर' हा शिक्का घेऊन आपल्या कचेऱ्यांत दाखल झाले असते! म्हणून ज्या विद्यापीठांपाशी व शासकीय खात्यांपाशी जाणकार माणसे आहेत, त्यांनी एखादे तरी यंत्र प्रायोगिक शाखेवर चालवून आढळलेले दोष कळवीत जावे. त्यासाठी अंदाजपत्रकात मोठी तरतूद नको. एक जुने यंत्र आणि एका माणसाचे आठवड्यातील काही तास पुरतील.