वातावरणाचा ताळेबंद

भूमध्य समुद्रातली बेटं पाहून आलेला माणूस 'गाव छान आहे' असं कधी म्हणत नाही. 'काय ॲटमॉस्फिअर आहे हो!' असं म्हणतो. आमचे हेडकॅशियर त्यांतलेच. आम्ही दोघं एकाच टूरने, सपत्नीक, माल्टा आणि ऱ्होड्सला जाऊन आलो आणि परवा कँटीनमध्ये त्यांनी निकाल जाहीर केला : इम्दिना पहिलं, ऱ्होड्स दुसरं, व्हॅलेटा नापास. कारण? "व्हॅलेटात माणसं फार हो!"

चहा गार झाला तरी बेहत्तर, पण भांडायचं असं मी ठरवलं.

इम्दिना ही माल्टाची जुनी राजधानी. सुंदर आहे, कबूल. पिवळसर दगडी भिंती, वाकड्या गल्ल्या, बाहेरच्या मोटारींना मज्जाव. लोक तिला 'शांत नगरी' म्हणतात. अहो, शांत नसेल तर काय होईल? तटाच्या आत राहणारी माणसं तीनशेदेखील नाहीत! आमच्या सोसायटीच्या गणपतीत याहून जास्त पानं उठतात. ज्या खात्यात उलाढाल नाही त्याला आम्ही बँकवाले निष्क्रिय खातं म्हणतो. त्याच्या शांततेचं कौतुक करत बसत नाही.

आता ऱ्होड्स. सेंट जॉनच्या सरदारांकडून सुलेमानाने ते १५२२ साली जिंकलं. तिथल्या ज्या राजवाड्यासमोर हेडकॅशियरांच्या अंगावर 'मध्ययुगाचा काटा' आला, तो मूळ वाडा १८५६ साली दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला. आज उभा आहे तो इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये बांधलेला. थोडक्यात, हरवलेल्या पासबुकाची डुप्लिकेट प्रत!

पण त्याच तटात ज्यूंची जुनी वस्ती आहे. १९४४ च्या जुलैत जर्मनांनी बेटावरचे सोळाशेंहून अधिक ज्यू पकडून ऑश्विट्झला पाठवले. फार थोडे परतले. गल्ल्या आहेत, १५७७ चं सिनेगॉग आहे. शांतता तिथेही आहे, हेडकॅशियरसाहेब. पण तिला ॲटमॉस्फिअर म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आणि नापास झालेलं व्हॅलेटा! ऱ्होड्समधून हुसकावलेल्या त्याच सरदारांनी १५६५ चा वेढा परतवला आणि दुसऱ्याच वर्षी या शहराचा पाया घातला. सरळ आखलेले रस्ते, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या, रंगीत लाकडी सज्जे. अशाच एका सज्ज्यातून एक आजीबाई खाली कुणावर तरी ओरडत होत्या. शब्द कळला नाही, पण सूर थेट गिरगावातला! त्यांना मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीस हजारांवर असलेली तिथली वस्ती आता पाच-सहा हजारांच्या घरात आलीय. घरातून माणूस उठतो आणि तिथे हॉटेल बसतं. म्हणजे व्हॅलेटात फार झालेली माणसं कोण? तर आपण दोघं, सपत्नीक! तोफा थोपवणाऱ्या त्या तटांना छत्रीवाल्या गाइडमागून येणारी फौज काही थोपवता येत नाही.

हेडकॅशियरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू द्या. पुढच्या वर्षी कॉर्फूला येताय ना?"

मी गार चहा एका घोटात संपवला आणि हो म्हणालो.