दृष्टिदान दिन आणि आपल्या घरातली आजी

दरवर्षी 10 जूनला महाराष्ट्रात दृष्टिदान दिन पाळला जातो. सरकारी दवाखान्यात बॅनर लागतो, भाषणे होतात, नेत्रदानाचे अर्ज भरून घेतले जातात. हा दिवस ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्या डॉ. भालचंद्र यांचे नाव मात्र आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. नेत्रशल्यचिकित्सक असलेल्या या माणसाने गावोगावी शिबिरे घेऊन हजारो गोरगरिबांचे मोतीबिंदू काढले. डोळ्याचे डॉक्टर मोठ्या शहरात आणि पेशंट खेड्यात, असा तो काळ होता. पेशंटला शहर गाठता येत नाही तर डॉक्टरने गावात जावे, हा साधा विचार त्यांनी अमलात आणला. 1982 पासून राज्यात त्यांच्या नावाने हा दिवस पाळतात.

त्या काळातले ऑपरेशन आठवणारी माणसे आपल्या घरांत अजून आहेत. शाळेच्या खोलीत नाहीतर धर्मशाळेत ओळीने खाटा टाकलेल्या. डोळ्यावर पट्टी बांधलेली. काही दिवस हलायचे नाही, खोकायचे नाही, वाकायचे नाही. डोळ्यातले भिंग काढून टाकत, पण त्या जागी दुसरे बसवत नसत. म्हणून पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा.

मोतीबिंदू पूर्ण पिकला की मगच काढायचा, ऑपरेशन थंडीतच करायचे, हे सल्ले त्याच काळातले. तेव्हा त्यांना अर्थ होता. ऑपरेशनमध्ये धोका होता, म्हणून जोवर थोडे दिसते तोवर थांबलेले बरे, असा हिशेब होता. पन्नास वर्षांत ऑपरेशन बदलले, आपला हिशेब मात्र तसाच राहिला. "आईचा अजून पिकला नाही", "दिवाळीनंतर बघू", "आता या वयात कशाला चिरफाड" ही वाक्ये आजही वस्तीत रोज ऐकू येतात.

आज लहानशा छेदातून मोतीबिंदू काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. प्रत्यक्ष काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचे. बहुतेक पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. उन्हाळा, पावसाळा, कुठलाही ऋतू चालतो. उलट, फार पिकू दिलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते. तो जास्तच पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकू लागतो आणि नजर कायमची जाऊ शकते. थांबण्यातला धोका आता ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नास वर्षांवरील लोकांच्या अंधत्वाचे 66.2 टक्के कारण मोतीबिंदू हेच निघाले. म्हणजे तीन आंधळ्यांपैकी दोघांची नजर परत येण्यासारखी आहे. अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत कितीतरी जास्त आहे. हा आजार सगळ्यांना होतो, पण त्याने आंधळे कोण राहते, हे घरातल्या आणि समाजातल्या जागेवरून ठरते. शाळेत जाऊ न दिलेल्या पिढीतली आपली आजी इथेही शेवटच्या रांगेत उभी आहे.

आपल्या जिल्ह्यात तिची अडचण आणखी वेगळी. पाथर्डी, शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने परतत नाहीत. मागे घर सांभाळते ती आजी. अंधुक दिसणारी आजी चूल पेटवते, नातवंडांना औषध पाजते, रात्री पायऱ्या उतरते. ती पडून खुब्याचे हाड मोडले की मग सगळे धावत येतात. ऑपरेशनला दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून ते टाळायचे आणि पुढे महिनाभर खाटेजवळ बसायचे, हा कुठला हिशेब?

पैशांचे म्हणाल, तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंगासकट मोफत होते. महागडे भिंग घेतले तरच दिसते, हा समज चुकीचा आहे. कर्ज काढायची गरज नाही. त्याआधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस थेंब नेमाने घालावेत आणि डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. थेंब घालायला घरातल्या एकाने जबाबदारी घ्यावी. तेवढे केले तरी अर्धे काम झाले.

सगळेच अंधत्व मोतीबिंदूचे नसते. उसाचे पाते किंवा काट्याची फांदी लागून डोळ्याच्या काळ्या भागावर जखम होते. त्यात मध, एरंडेल तेल, अंगावरचे दूध घालणे किंवा मेडिकलमधून न विचारता थेंब आणणे घातक आहे. काही थेंबांनी लाली जाते, पण आत जखम चिघळते. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. जखम चिघळून बुबुळावर पांढरे फूल पडले, तर अनेकदा नेत्रदानातून मिळालेले पारपटल हाच उपाय उरतो.

नेत्रदानाबाबत आपण बौद्धांनी श्रीलंकेकडे पाहावे. तिथे डॉ. हडसन सिल्वा यांनी 1961 मध्ये नेत्रदान संस्था उभारली. त्या छोट्या देशाने आपली गरज भागवून इतर देशांना हजारो पारपटले पाठवली. दान हा तिथल्या लोकांच्या जगण्याचा भाग होता, त्याला त्यांनी शास्त्राची जोड दिली. पुढच्या जन्मी आंधळा होईल, ही भीती ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या घरात तरी नसावी. चष्मा असलेला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला माणूसही नेत्रदान करू शकतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितके बरे. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. चेहरा विद्रूप होत नाही. अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ज्यांची आठवण काढायची, त्यांच्या डोळ्यांनी तोवर दोन माणसे पाहू लागली असतील.

माझे म्हणणे एवढेच की डॉ. भालचंद्रांचे शिबिर आता आपल्या विहारापासून सुरू व्हावे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते तेव्हा वस्तीतली सगळी म्हातारी माणसे एकत्र येतात. महिला मंडळाने एक दिवस प्रत्येकाचा एक-एक डोळा झाकून दहा फुटांवरून बोटे मोजायला सांगावीत. ज्यांना मोजता येणार नाहीत त्यांची यादी करून आशाताईंकडे द्यावी. ज्यांना मोजता आली पण अंधुक दिसते, त्यांनीही डोळे तपासून घ्यावेत. ऑपरेशनच्या दिवशी सोबत जायला वस्तीतल्या तरुणांनी पाळी लावावी, म्हणजे कोणाच्या मुलाची मजुरी अडणार नाही. नेत्रपेढीचा नंबर विहाराच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा. यादीत पहिली नावे बायकांची असू द्या, कारण त्या स्वतःहून कधीच पुढे येणार नाहीत.