प्रलंबित म्हणजे शांत नव्हे

परळीहून घाटनांदूरमार्गे निघालेली रेल्वे लातूर रोड, उदगीर करत पुढे कमालनगर, भालकी आणि बिदरला जाते. उदगीर सुटल्यावर थोड्या वेळाने स्थानकांवरच्या पाट्या कन्नड होतात. डब्यात ऐकू येणारी दखनी मात्र तीच राहते. माझे आजोळ भालकीकडचे. नानांच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत, मामूंची पहाणी कन्नडमध्ये निघते आणि आमचा सातबारा मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले, तर गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूरकडे गेले. बिदर जिल्हाही म्हैसूरला मिळाला, पण त्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा अलीकडे आले आणि भालकी पलीकडे राहिली. एका कुटुंबाचे कागद तीन भाषांत असण्याचे कारण एवढेच.

सीमाप्रश्न म्हटले की आपल्याला बेळगाव आठवते. परंतु महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्यांत बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतलीही गावे आहेत. म्हणून मराठवाड्यातल्या माणसाने, आणि त्यातही सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या मुस्लिमांनी, या प्रश्नाकडे दूरची बातमी म्हणून पाहू नये.

६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्ही राज्यांच्या एसटी थांबल्या आणि दवाखान्यासाठी, बाजारासाठी, लग्नासाठी निघालेली माणसे स्थानकांवर अडकली. त्याच आठवड्यात, १२ डिसेंबर २०२२ रोजी, तिकडे कॉकेशसच्या डोंगरांत लाचिनचा रस्ता अडवला गेला. नागोर्नो-काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा तो एकमेव रस्ता होता. आपल्या गाड्या काही दिवसांत सुरू झाल्या. तो रस्ता नऊ महिने बंद राहिला आणि शेवटी उघडला तो लोकांना कायमचे बाहेर काढण्यासाठी.

काराबाख हा सोव्हिएत काळात अझरबैजानमध्ये असलेला, पण बहुसंख्य आर्मेनियन वस्तीचा प्रदेश. १९८८ मध्ये तिथल्या प्रादेशिक सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली. आधी दंगली झाल्या, मग युद्ध. १९९४ च्या युद्धबंदीपर्यंत सुमारे ३०,००० माणसे मेली. काराबाख आणि भोवतालच्या सात जिल्ह्यांतून लाखो अझेरी हाकलले गेले. बाकू आणि सुमगाईतमधून आर्मेनियन पळाले. त्यानंतर जगाने या वादाला ‘गोठलेला संघर्ष’ म्हटले. वाटाघाटींच्या बैठका होत राहिल्या, शस्त्रखरेदीही होत राहिली. २०१६ मध्ये चार दिवसांचे युद्ध झाले, २०२० मध्ये ४४ दिवसांचे. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसाच्या कारवाईत उरलेला प्रदेश घेतला आणि आठवड्याभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरे सोडून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे शांतता कराराच्या मसुद्यावर दोन्ही देशांची आद्याक्षरे झाली. पण आर्मेनियाने आधी राज्यघटना बदलावी, ही अझरबैजानची अट आहे. उजाड झालेली गावे मात्र करारांनी आपोआप भरत नसतात.

दोन्ही बाजूंच्या या दुःखाचा आपल्याकडे सोयीस्कर अर्थ लावला गेला. मोबाइलवर काहींनी त्याला इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती असा रंग दिला, तर वृत्तवाहिन्यांनी भारत विरुद्ध पाकिस्तान असा. वस्तुस्थिती पाहा. शियाबहुल अझरबैजानला शस्त्रे इस्रायलने पुरवली. इस्लामी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या इराणने आर्मेनियाशी व्यापार आणि सीमा दोन्ही खुल्या ठेवल्या. बाकूचे तेल ख्रिस्ती जॉर्जियातून तुर्कस्तानात जाते. आर्मेनियाने भारताकडून पिनाका प्रणाली घेतली. या हिशेबात धर्म कुठे आहे? जो जमिनीच्या भांडणाला दीनचे नाव देतो, तो दुसऱ्याच्या लढाईसाठी आपल्या मुलांचा राग उसना मागतो. अशा संदेशांना आपल्या मोबाइलवरच अडवले पाहिजे.

बेळगाव म्हणजे काराबाख नव्हे. इथे दोन्ही बाजूंना एकच नागरिकत्व आहे, एकच सैन्य आहे आणि वर एक न्यायालय आहे. तरीही १७ जानेवारी १९५६ चा बेळगावचा गोळीबार, फेब्रुवारी १९६९ ची मुंबईतली दंगल, १९८६ मधले कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, या सगळ्यांत माणसे मेली आहेत. १९६७ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोटसह २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, कर्नाटक त्यालाच धरून बसले. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. वीस वर्षे उलटून गेली, दावा प्रलंबित आहे.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे एखाद्या तक्रारीवर ‘प्रलंबित’ असा शेरा मारून ठेवला की ती यादीत खाली जाते, पण दोष जिथल्या तिथेच असतो. मग कधीतरी ऐन गर्दीच्या वेळी सगळी यंत्रणा बसते. सीमाप्रश्नाचे तेच झाले आहे. निवडणूक जवळ आली की कोणीतरी तो शेरा खोडतो, मते घेतो आणि पुन्हा लिहून ठेवतो.

भूभागाच्या वादाची किंमत कोण देतो, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचा प्रश्न सुटला. त्याआधी रझाकारांनी गावोगावी जुलूम केले होते. त्यानंतर जे झाले ते तपासण्यासाठी नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मारले गेलेल्यांपैकी कितीजणांनी निजाम आणि दिल्ली यांच्या वाटाघाटीत तोंड उघडले असेल? याच अहवालात हेही नोंदले आहे की काही ठिकाणी मुस्लिम विणकरांना हिंदू विणकरांनी वाचवले. जे रोज शेजारी बसून माग चालवत होते, त्यांनी एकमेकांना ओळखले.

म्हणून आपली मागणी रेषा इकडे सरकवा किंवा तिकडे, अशी नसावी. ते न्यायालयाने ठरवावे, पण लवकर ठरवावे, आणि दोन्ही राज्यांनी सुनावणीसाठी एकत्र आग्रह धरावा. निकाल लागेपर्यंत संविधानाच्या कलम ३५०-क नुसार प्रत्येक मुलाला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे: बेळगाव-भालकीत मराठीतून, जत-अक्कलकोटमध्ये कन्नडमधून आणि दोन्हीकडे उर्दूतून. २०२२ मध्ये मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर दावा सांगितला, तेव्हा आधार दिला तो पाणीटंचाईमुळे झालेल्या ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावाचा. पाणी वेळेवर पोहोचले असते तर त्या ठरावाची गरजच पडली नसती. १४ डिसेंबर २०२२ रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरवली. तिने काय केले, याचा जाब दोन्ही विधिमंडळांत विचारला गेला पाहिजे. आणि एसटीच्या चालक-वाहकावर हात टाकणारा कोणत्याही भाषेचा असो, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे.

आपण सीमेच्या दोन्ही बाजूंना आहोत, दोन्ही भाषा बोलतो आणि दोन्हीकडे आपल्यावर संशय घेणारे आहेत. यामुळे आपल्याला गप्प बसावेसे वाटते. पण दोन्हीकडे सोयरे असलेला माणूसच मध्ये पडून बोलू शकतो. पुढच्या वेळी दगड उचलला जाण्याआधी निपाणीत, उदगीरमध्ये, भालकीत, जतमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांनी एकत्र बसावे. बसस्थानकावर अडकलेल्या माणसाला जेवण आणि निवारा देण्याची जबाबदारी आताच वाटून घ्यावी. सुरुवात एवढ्यानेही होईल.